सोलापुरातील घरासाठी रोमन धर्तीची कोरड्या उबेची खोली: बांधणी आणि वापर

घरात कोरड्या उबेची खोली करायची म्हटले, की बहुतेक जण आधी हीटरची चौकशी करतात, कारण त्यांच्या डोळ्यांपुढे लाकडी फळ्यांनी मढवलेला आणि 80 ते 100 अंश सेल्सिअसपर्यंत तापणारा फिनलंडचा सौना असतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा सहज चाळिशी ओलांडणाऱ्या सोलापुरात असली भट्टी हवी कशाला, हा प्रश्नही मग ओघाने येतोच. येथे ज्या खोलीची माहिती द्यायची आहे ती निराळ्या जातीची आहे. प्राचीन रोमन स्नानगृहांत कडक तापलेल्या दालनाच्या आधी टेपिडेरियम नावाचे कोमट दालन असे. त्याच्या धर्तीवर आजकाल जी खोली बांधतात तिच्यात हवा 38 ते 42 अंशांवर राहते, बसायचा दगडी कट्टाही साधारण तितकाच ऊबदार असतो आणि माणूस तेथे अर्धा-पाऊण तास निवांत बसू शकतो. अशा खोलीत अंगाला ऊब मिळते ती मुख्यतः तापलेल्या पृष्ठभागांकडून. म्हणून पैसे ओतायचे ते कट्टा, जमीन आणि उष्णता अडवणारा थर यांच्यात. उष्णता देणारे साधन त्यामानाने लहान असले तरी भागते.

ही खोली सोलापुरात बारमाही वापरण्यासाठी बांधू नये, हेही आधीच ठरवून टाकावे. तिचा हंगाम दिवाळीपासून होळीपर्यंतचा. सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या सुमारास पहाटेचा गारवा अंगात शिरतो. दिवसभर मागावर उभे राहणाऱ्यांच्या पोटऱ्या आणि एकाच बैठकीत तासन्‌तास विड्या वळणाऱ्या बायकांच्या कंबरा तेव्हा अधिकच आखडतात. त्या दिवसांत आपली हवाही या कामाला फार अनुकूल असते. बाहेर 18 अंश तापमान आणि 50 टक्के आर्द्रता असेल, तर तीच हवा 40 अंशांपर्यंत तापवल्यावर तिची सापेक्ष आर्द्रता सुमारे 14 टक्क्यांवर येते. म्हणजे कोरडेपणासाठी वेगळे काही करावेच लागत नाही. पावसाळ्यात 25 अंश आणि 85 टक्के आर्द्रता असलेली हवा तितकीच तापवली, तर आर्द्रता 36 टक्क्यांच्या आसपास राहते आणि घाम अंगावरच चिकटून बसतो. उन्हाळ्याबद्दल तर बोलायलाच नको. तेव्हा खोलीचा वीजपुरवठा मुख्य बटणापासून बंद ठेवावा.

जुन्यांकडून काय घ्यावे, काय घेऊ नये

रोमन वास्तुविशारद व्हिट्रुव्हिअस याने इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात लिहिलेल्या स्थापत्यग्रंथाच्या पाचव्या भागात स्नानगृहाची रचना बारकाईने सांगितली आहे. खालची जमीन भट्टीच्या तोंडाकडे इतकी उतरती ठेवायची, की आत टाकलेला चेंडू आपोआप भट्टीकडे परत यावा; म्हणजे ज्वाळा आणि धग वरच्या अंगाला सहज पसरते. त्या जमिनीवर लहान विटांचे दोन फूट उंचीचे खांब रचायचे, खांबांवर दोन फुटी फरश्या अंथरायच्या आणि त्यांच्यावर वरची जमीन घालायची. हीच हायपोकॉस्ट पद्धत. पुढे भिंतींतही पोकळ मातीच्या नळ्या बसवून गरम वायू वर खेळवू लागले, तेव्हा खोली चारही अंगांनी ऊबदार झाली. लॅकोनिकम या कोरड्या घामाच्या दालनाला व्हिट्रुव्हिअस घुमट सांगतो, घुमटाच्या मध्यभागी झरोका ठेवतो आणि त्याखाली साखळ्यांनी टांगलेली काशाची तबकडी वर-खाली करून उष्णता कमी-जास्त करायला सांगतो. यंत्राविना हवा आणि उष्णता काबूत ठेवण्याची ही युक्ती आपल्याला जशीच्या तशी उपयोगी पडणार आहे.

अशा खोलीचा विचार आपल्याकडेही जुनाच आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील चौदाव्या अध्यायात अग्नीच्या साहाय्याने करायच्या तेरा स्वेदांमध्ये, म्हणजे घाम काढण्याच्या उपचारांमध्ये, जेंताक स्वेद सांगितला आहे. त्यासाठी मातीने लिंपलेली, पुष्कळ खिडक्यांची गोल खोली बांधायची, भिंतीला लागून आतून सर्वत्र एक अरत्नी, म्हणजे साधारण दीड फूट, उंचीचा आणि तितक्याच रुंदीचा कट्टा करायचा आणि मध्यभागी बारीक छिद्रे असलेली पुरुषभर उंचीची मातीची भट्टी ठेवून तीत खैराची लाकडे पेटवायची. धूर पूर्ण निघून गेल्यावरच माणसाने आत जायचे. कट्ट्याची ती उंची आजही अगदी योग्य आहे.

भट्टी मात्र घेऊ नये. धूर दिसेनासा झाला म्हणजे हवा स्वच्छ झाली असे होत नाही. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंगही नसतो आणि वासही नसतो, आणि उष्णता टिकवण्यासाठी घट्ट बंद केलेल्या लहान खोलीत तो फार थोड्या वेळात जीव घेऊ शकतो. पॉम्पेई या प्राचीन रोमन शहरात फोरम नावाच्या मुख्य चौकाजवळील स्नानगृहात टेपिडेरियम तापवण्यासाठी काशाची मोठी शेगडी होती, पण ते दालन प्रशस्त आणि उंच छताचे होते. आपल्या सहा बाय आठ फुटांच्या खोलीत कोळशाची शेगडी, सरपणाचा बंब किंवा गॅसचा हीटर कोणत्याही सबबीखाली आणू नये. उष्णता विजेवर किंवा उन्हाने तापलेल्या पाण्यावर घ्यावी.

जागा आणि कवच

जागा तळमजल्यावर, जोत्यावर असावी. दगडी कट्टा आणि कोबा यांचे वजन बरेच होते. वरच्या मजल्याच्या स्लॅबवर ते टाकायचे असेल, तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवावे. जुन्या पेठांतील माळवदाच्या घरात, तुळया आणि मातीच्या छतावर, हे काम करूच नये. दिशेबाबत व्हिट्रुव्हिअसचा सल्ला आजही लागू पडतो: हिवाळ्यात सूर्य मावळतो त्या बाजूचा उजेड गरम दालनांना मिळावा, कारण स्नानाची वेळ दुपारपासून संध्याकाळपर्यंतची असते. आपल्या घराच्या नैऋत्य किंवा पश्चिम कोपऱ्यातील, उन्हाळ्यात कोणालाच नकोशी वाटणारी अडगळीची खोली या कामी उत्तम. हिवाळ्यात तिची बाहेरची भिंत दुपारभर तापते आणि उन्हाळ्यात याच खोलीतील उष्णतारोधक थरामुळे तिला लागून असलेल्या खोल्यांना उन्हाची झळ कमी लागते.

सहा बाय आठ फूट जमीन आणि साडेसात फूट उंची दोन-तीन माणसांना पुरते. छत याहून उंच असेल तर खाली सिमेंट बोर्डचे छत टांगून वरच्या पोकळीत किमान तीन इंच रॉकवूल (दगडी तंतूंचा उष्णतारोधक थर) भरावे. भिंतींना आतल्या अंगाने दोन इंच रॉकवूल लावून त्यापुढे चार इंची एएसी ब्लॉकची (सिमेंटच्या हलक्या, सच्छिद्र ठोकळ्यांची) भिंत उभी करावी, आणि जमिनीवर दोन इंच जाडीचे एक्सपीएस बोर्ड (कडक फोमचे तक्ते) सांधे चिकटपट्टीने बंद करून अंथरावेत. जागेवर गेल्यावर हमखास काटछाट होते ती याच थरात, कारण काम संपल्यावर तो कोणाला दिसत नाही. तो नीट असेल तर तापलेली खोली तापलेली ठेवायला पाचशे-सहाशे वॉट पुरतात. नसेल तर तुम्ही बाहेरचे अंगण तापवत बसता. जमिनीचा कोबा चारही भिंतींपासून अर्धा सेंटीमीटर तरी सुटा राहील अशी फोमची पट्टी कडेने लावावी, नाहीतर तापून फुगलेला कोबा भिंतीला रेटतो आणि पहिल्याच हंगामात फरशी उचलली जाते.

उष्णता कोठून आणावी

दोन मार्ग आहेत आणि निवड तुम्ही खोली कोणत्या वेळी वापरणार यावर अवलंबून आहे. पहाटे वापरायची असेल तर कोब्यात पुरायची विजेची हीटिंग केबल सोपी पडते. आठ फूट लांब आणि दोन फूट रुंद कट्टा, त्याची अडीच फूट उंचीची पाठ आणि उरलेली जमीन मिळून साधारण 68 चौरस फूट पृष्ठभाग तापवायचा असतो. चौरस फुटाला 15 ते 18 वॉट धरले तर एकूण भार हजार ते सव्वाबाराशे वॉटच्या आसपास येतो. दगड आणि कोबा मिळून पाऊण टनाहून अधिक वजन तापायचे असल्यामुळे खोली तयार व्हायला चार-पाच तास लागतात. म्हणून टायमर लावून रात्री एक-दोनच्या सुमारास पुरवठा सुरू करावा. एका वापराला साधारण पाच-सहा युनिट वीज लागते.

संध्याकाळी वापरायची असेल तर माझा कौल सौर बंबाला आहे. सोलापुरात हिवाळ्यातही ऊन भरपूर असते आणि दुपारी चारपर्यंत टाकीतील पाणी साठ अंशांच्या पुढे गेलेले असते. हे पाणी कोब्यातील 16 मिलिमीटरच्या पेक्स (गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकच्या) नळीतून लहान पंपाने फिरवायचे, मात्र गरम पाण्यात गार पाणी मिसळणारा मिक्सिंग व्हॉल्व्ह लावून नळीत जाताना ते 45 ते 50 अंशांवर ठेवायचे. टाकी 300 लिटरची असावी. 200 लिटरच्या टाकीत घरच्यांच्या आंघोळी आणि ही खोली असे दोन्ही भागत नाही. बोअरचे क्षारयुक्त पाणी थेट नळीत सोडू नये, कारण क्षार धरून दोन-तीन वर्षांत प्रवाह मंदावतो. टाकी आणि नळी यांच्यामध्ये हीट एक्स्चेंजर (पाणी न मिसळता फक्त उष्णता पुढे देणारे साधन) बसवून नळीत एकदा भरलेले शुद्ध पाणीच फिरत ठेवावे. कोब्याखाली नळीला एकही सांधा नसावा, आणि कोबा ओतताना नळीत दाब भरून ठेवावा म्हणजे फावड्याचा घाव लागला तर तेथल्या तेथे कळते.

केबल असो वा नळी, झाकण्यापूर्वी मोजपट्टी शेजारी ठेवून सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवावेत. केबल कापायची नाही, एकीवर दुसरी चढवायची नाही. तिचा रोध मल्टिमीटरने तीन वेळा मोजावा: बंडल उघडल्यावर, अंथरून झाल्यावर आणि कोबा बसल्यावर, तिन्ही आकडे जुळले तरच फरशी लावायला परवानगी द्यावी. खोलीसाठी स्वतंत्र एमसीबी (जादा भार आल्यास वीज तोडणारे बटण), 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारे बटण) आणि तपासलेले अर्थिंग हवेच, आणि हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे. थर्मोस्टॅटचा एक सेन्सर हवेत आणि एक दगडाखाली असावा. दगडाची मर्यादा 42 अंशांवर कायमची बांधून टाकावी, कारण उघड्या त्वचेला पाऊण तास टेकून राहिलेला याहून गरम दगड नकळत भाजू शकतो.

कट्टा

सगळी खोली ज्याच्यासाठी बांधायची तो हा कट्टा, आणि गवंड्याचा सर्वाधिक वेळ येथेच गेला पाहिजे. सरळ बाकासारखा कट्टा केला तर दहा मिनिटांत पाठ अवघडते. बैठक सोळा इंच उंच, मागे किंचित उतरती, आणि पाठ बैठकीपासून 105 ते 110 अंशांच्या कोनात कललेली असावी. कागदावरच्या रेषेवर विसंबू नये. जागेवर विटांचा तात्पुरता ढिगारा करून त्यावर ओल्या वाळूची पोती थापावीत, घरातल्या उंच आणि बुटक्या अशा दोघांना बसवून बघावे, कंबरेचा बाक जेथे पोकळ राहतो तेथे वाळू भरावी, आणि दोघांनाही सोसवेल असा आकार सापडला की तो प्लायवूडवर उतरवून फर्मा कापावा. मग एएसी ब्लॉकने अंग रचून दर फुटावर तो फर्मा लावत गिलाव्याने आकार आणायचा, त्यावर जाळी आणि केबल किंवा नळी, वर दीड इंच गिलावा आणि शेवटी दगड. खालचे ब्लॉक स्वतःच उष्णतारोधक असल्यामुळे ऊब वरच्याच अंगाला येते.

दगड शहाबादी, बिनपॉलिशचा घ्यावा. शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातून तो आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या येतो, आपल्या फरशीवाल्यांचा हात त्यावर बसलेला आहे, तो पायाला गुळगुळीत लागत नाही आणि ऊब सावकाश धरून सावकाश सोडतो. पॉलिश केलेला काळा कडप्पा दिसायला देखणा, पण घामाने निसरडा होतो. कट्ट्याच्या बाकदार भागावर मोठे तुकडे बसत नाहीत. त्यासाठी तीन इंच रुंदीच्या लांब पट्ट्या कापून, त्यांच्या कडा घासून गोल करून, कट्ट्याच्या लांबीला समांतर लावाव्यात. चिकटवायला लवचीक प्रतीचे टाइल अ‍ॅडेसिव्ह वापरावे. नुसत्या सिमेंटवर लावलेला दगड रोजच्या फुगण्या-आकसण्याने सुटतो.

भिंतींना चुन्याचा गिलावा द्यावा. सिमेंटच्या गिलाव्यापेक्षा तो घामाची वाफ अधिक सहज शोषतो आणि परत सोडतो, त्यामुळे खोलीला कुबट वास धरत नाही. हिरडा आणि गुळाचे पाणी घालून चुना मळणारे कारागीर मिळाले तर उत्तमच. फक्त घाई करू नये: चुना सुकायला महिना-दीड महिना जाऊ द्यावा आणि कोबा 28 दिवसांचा होईपर्यंत खोली तापवू नये. त्यानंतरही पहिल्या वेळी तापमान रोज तीन-चार अंशांनीच वाढवावे.

हवा, दार, दिवा

दाराच्या उंबऱ्यालगत चार इंची झरोका आणि समोरच्या भिंतीत छताखाली तसाच दुसरा, अशी हवेची वाट ठेवावी. वरच्या झरोक्याला लाकडी सरकती झडप बसवावी. व्हिट्रुव्हिअसच्या तबकडीचे काम ती करते. खोली तापत असताना झडप बंद, माणसे आत असताना निम्मी उघडी, वापर संपल्यावर पूर्ण उघडी. दार बाहेरच्या बाजूला उघडणारे असावे आणि त्याला आतून वा बाहेरून कोणतीही कडी नसावी. घेरी आलेल्या माणसाच्या नुसत्या भाराने ते उघडले पाहिजे. दिवा 12 व्होल्टचा, मंद, कट्ट्याच्या पायथ्याशी, आणि त्याला 12 व्होल्ट वीज पुरवणारा ड्रायव्हर खोलीबाहेर.

वापर

आत जाण्याआधी दोन पेले पाणी प्यावे आणि अंग धुऊन कोरडे करावे. जेवणानंतर दोन तास तरी जाऊ द्यावेत. कट्ट्यावर अंथरायला आपले सोलापुरी टर्किश टॉवेल आहेतच, पण नवा टॉवेल तसाच वापरू नये. त्यातील खळ निघून जाईपर्यंत तो दोन-तीनदा धुवावा, मगच त्याचे फासे घाम टिपू लागतात. तेल लावून बसायचे असेल तर टॉवेल दुहेरी घ्यावा, कारण शहाबादीवर पडलेला तेलाचा डाग निघत नाही. पहिल्या आठवड्यात पंधरा-वीस मिनिटे पुरेत. अंगाला सवय झाली की पाऊण तासापर्यंत जावे. घाम येथे उशिरा आणि हळूहळू येतो. तो लवकर यावा म्हणून तापमान वाढवत नेले, तर ही खोली बांधण्याचे कारणच उरत नाही.

बाहेर आल्यावर लगेच गार पाणी ओतून घेऊ नये. रोमन लोक शेवटी थंड कुंडात उतरत, पण आपल्यासाठी चरकाचा क्रम अधिक सोयीचा आहे: बाहेर पडताच डोळ्यांना थंड पाणी लावायचे नाही, शीण आणि ताप उतरेपर्यंत मुहूर्तभर थांबायचे आणि मग सोसवेल अशा कोमट पाण्याने अंग धुवायचे. त्यासाठी अर्धी बादली पुरते, आणि ज्या गावात नळाला रोज पाणी येत नाही तेथे ही गोष्ट लहान नाही. खोलीबाहेर सावलीत एक बाज टाकून ठेवावी आणि वीस मिनिटे पडून राहावे. मीठ घातलेले लिंबाचे सरबत किंवा पातळ ताक घ्यावे.

गर्भवती स्त्रिया, हृदयविकाराचे किंवा कमी रक्तदाबाचे रुग्ण, लघवी वाढवणारी किंवा रक्तदाबाची औषधे घेणारे, आणि मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेले यांनी डॉक्टरांना विचारल्याखेरीज आत जाऊ नये. शेवटच्या गटाला तर गरम दगड लागला तरी कळत नाही. ताप असताना आणि मद्य घेतल्यावर कोणीच जाऊ नये. लहान मुले आणि वयस्क माणसे यांना एकटे सोडू नये. डोके हलके वाटू लागले किंवा छातीत धडधडले, की वेळ किती उरली आहे ते न पाहता बाहेर यावे आणि आडवे व्हावे. या खोलीने आखडलेले अंग सैल होते आणि झोप चांगली लागते, असा बहुतेकांचा अनुभव असतो. संधिवात किंवा अन्य आजार बरा होईल या आशेने औषधे मात्र बंद करू नयेत.

रोजच्या वापरानंतर कट्टा कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने पुसावा. शहाबादी हा चुनखडीचा दगड असल्यामुळे त्यावर लिंबू, व्हिनेगर किंवा फरशीचे अ‍ॅसिड कधीही लावू नये. त्याने दगड खरखरीत आणि पांढुरका होतो. होळीनंतर खोली बंद करताना दोन्ही झरोके जाळी लावून उघडे ठेवावेत, आणि दसऱ्याच्या सुमारास भिंतींना चुन्याचा एक हात देऊन, आरसीसीबीचे टेस्ट बटण दाबून, नळीतील पाण्याचा दाब पाहून मगच नव्या हंगामासाठी उष्णता सुरू करावी.